सातबाऱ्यावर नाव कोणाचे?

मंडळी, मागच्या धड्यात आपण आपले नाव लिहायला शिकलो. आज नाव शोधायला शिकू. सातबाऱ्यावर.

सातबारा म्हणजे दोन नमुने. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाची आणि किती, ते असते. बारामध्ये पीक कोणते घेतले, ते असते. आधी गट नंबर वाचा. मग क्षेत्र वाचा. मग भोगवटादाराचे नाव वाचा. भोगवटादार म्हणजे ज्याच्याकडे जमीन आहे तो.

आता सांगा, वावरात निंदण कोण करते? कापूस कोण वेचते? बाई. आणि भोगवटादार कोण? बहुतेक घरी बाप्या. आम्ही वर्गात सातबारे आणायला सांगितले होते. एका बाईने बोट ठेवून सगळा कागद वाचला आणि म्हणाली, "गुरुजी, रेशन कार्डावर पहिलं नाव माझं हाय. इथं तं कुठंच नाही." वर्ग हसला. बाई हसली नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहू. 1956 साली हिंदू वारसा कायदा झाला. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. मुसलमान बंधुभगिनींचा कायदा वेगळा आहे. 1956 च्या कायद्याने बाप मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या हिश्श्यात मुलगा, मुलगी, विधवा बायको आणि आई यांना सारखा वाटा मिळू लागला. पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासूनचा हक्क मुलाचाच राहिला. आपल्या महाराष्ट्राने 1994 साली तो मुलीलाही दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या. 2005 साली साऱ्या देशाचा कायदा बदलला. आता लग्न झालेली मुलगीही मुलाच्या बरोबरीची. 2005 च्या आधी बाप वारला असेल तरी मुलीचा हक्क बुडत नाही, असे सुप्रीम कोर्टाने 2020 साली सांगितले. मात्र पूर्वीच रीतसर झालेल्या वाटण्या मोडता येत नाहीत. दूर आफ्रिकेतल्या रवांडा देशातही मुलींना वारशात सारखा वाटा द्यायला 1999 साल उजाडले.

मग हक्क असून नाव का नाही? हक्कसोडपत्र! बहीण रजिस्ट्री कचेरीत येते, सही करते आणि वाटा सोडते. वाडीच्या आजूबाजूला वावरांचे लेआउट पडले. अमरावती रोडला गोदामे उभी राहिली. ज्या वावराला कोणी विचारत नव्हते, त्याला मोल आले. तेव्हापासून भावांना बहिणींची आठवण फार येते. सहीपुरती.

दुसऱ्याचे कशाला सांगावे? आमचे वडील वारले तेव्हा आम्ही शाळेत मास्तर होतो. दुसऱ्यांच्या पोरांना वाचायला शिकवत होतो. आमची थोरली बहीण निरक्षर. तिला कचेरीत नेले. कागद आमच्या हातात होता, पण वाचून दाखवला नाही. "इथं अंगठा लाव" एवढेच म्हणालो. तिने लावला. घरी आल्यावर साडीचोळी दिली. ती खूश होऊन गेली. पुढे ती विधवा झाली. दिराने घरात ठेवून घेतले, पण मजुरासारखे. मागल्या दिवाळीला ती आमच्याकडे आली. आता ती तिच्या गावच्या वर्गात जाते, थोडे वाचते. म्हणाली, "दादा, त्या कागदावर काय लिहिलं होतं रे?" आम्ही पेटीतून नक्कल काढली. तिने अक्षर अक्षर लावून वाचली. तिला अर्धा तास लागला. वाचून झाल्यावर तिने कागद घडी करून परत दिला. काही बोलली नाही. तिच्या नावे एक एकराचे बक्षीसपत्र करायचे आम्ही ठरवले आहे. आमची मुले अजून राजी नाहीत.

बायकोच्या नावाचेही सांगतो. 1989 साली अमरावतीला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन झाले. नवऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे करावा, असे शरद जोशी यांनी सांगितले. त्या कामाला लक्ष्मीमुक्ती म्हणतात. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात शंभराहून जास्त घरच्या बायांना जमीन मिळाली. त्या शेतकऱ्यांनी हे कोणत्या कायद्याच्या धाकाने केले नव्हते. पुढे 1992 साली सरकारने परिपत्रक काढले. नवरा राजी असेल तर तलाठ्याकडे, म्हणजे आपल्या पटवाऱ्याकडे, अर्ज करून बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावता येते.

फेरफाराची नोटीस घरी आली तर ती चुलीत घालू नका. हरकत घ्यायला 15 दिवस असतात.

घरी करा :
1. घरचा सातबारा आणा. त्यातली सर्व नावे वहीत उतरवा. बायांची किती ते मोजा.
2. "हक्कसोडपत्र", "वारस", "फेरफार", "हरकत" हे शब्द पाच पाच वेळा लिहा.
3. घरात अंगठा लावलेला जुना कागद असेल तर तो ज्याने अंगठा लावला त्याला वाचून दाखवा.