तळ्यातले दागिने आणि कोर्टाची पायरी

कायदा आणि न्याय हे शब्द आपण जोडीने उच्चारतो. पण त्यांत अंतर आहे. ते मला आमच्या गावच्या तळ्याने दाखविले.

मालवण तालुक्यातील धामापूरचे तळे सन १५३० मध्ये विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी ग्रामस्थांच्या साहाय्याने बांधले. काठावर भगवतीचे मंदिर आहे. आख्यायिका अशी की, गरिबाघरी लग्न निघाले म्हणजे फुलांचे दागिने परडीत घालून तळ्यात सोडीत. परडी सोन्याचे दागिने घेऊन वर येई. कार्य उरकले की ते परत करायचे. पुढे कोणा एकाने परत केले नाहीत आणि देवीने देणेच बंद केले.

लहानपणी हा निवाडा मला अगदी योग्य वाटे. आज वाटते, लबाडी एकाची, मग शिक्षा साऱ्या गावाला का? त्या माणसाचे म्हणणे तरी कोणी ऐकले? दुसरी बाजू ऐकल्याविना निकाल देऊ नये आणि एकाच्या अपराधाचा दंड दुसऱ्याला होऊ नये, ही तत्त्वे आपली न्यायव्यवस्था मानते. येथे कायदा मला दंतकथेहून श्रेष्ठ वाटतो.

पण घरचा अनुभव वेगळा आहे. आमच्या सामायिक जमिनीच्या वाटपाचा दावा आजोबांच्या वेळेपासूनचा. अशा दाव्यात न्यायालय हिस्से ठरविते. सारा भरणाऱ्या जमिनीची प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. मध्येच एखादा पक्षकार वारला की त्याचे वारस दाव्यात आणावे लागतात. सातबारावरची नावे वाढत गेली आणि अंगणाला अंगण लागून असलेली दोन घरे एकमेकांच्या लग्नाला जाईनाशी झाली. आजी एवढेच म्हणे, "झिला, कोर्टाची पायरी चढूची नाय."

आजीला एक गोष्ट कोणीच सांगितली नव्हती. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आले आणि मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. त्यासाठीचा १९८७ चा कायदा १९९५ मध्ये अमलात आला. त्यानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. लोकअदालतीत तडजोडीने झालेला निवाडा अंतिम असतो. त्यावर अपील नाही आणि न्यायालयात भरलेले शुल्कही परत मिळते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात बसू लागले; सिंधुदुर्गच्या पक्षकाराची मुंबईची खेप त्यामुळे वाचली.

म्हणजे पायरी थोडी खाली आली आहे. ती चढता येते हे मात्र घरोघर ठाऊक नाही. आणि दुसऱ्याचे ते परत करावे, ही तळ्याची अट कोणताही कायदा मनात रुजवू शकत नाही. ती आपली आपणच पाळायची. आपण उद्याचे पदवीधर. प्रत्येकाने आपल्या वाडीतील एका तरी आजीला तिचा हक्क समजावून सांगितला, तर आपले शिकणे सार्थकी लागेल. मी माझ्या घरापासून सुरुवात करणार आहे. शेजारच्या अंगणात जाऊन तडजोडीची गोष्ट काढणार आहे.