गाडी सेल्फ घेत नाही तेव्हा
हिवरखेडकडून परदेशी आलेल्या नव्या मुलामुलींसाठी

हिवरखेड, तेल्हारा, अकोट, परतवाडा, मोर्शी या पट्ट्यातून येऊन अमेरिका-कॅनडात स्थिरावलेली आमची बरीच घरं आहेत. ऑगस्टमध्ये शिकायला नवी मुलं येतात, दिवाळीनंतर कुणीतरी जुनी कोरोला नाहीतर अकॉर्ड घेतं आणि जानेवारीत फोन येतो, ‘काका, गाडी सेल्फ घेत नाही.’ त्या फोनवर या घरांतली काका-काकू मंडळी जे सांगत आली, ते इथे एकत्र केलं आहे.

पहिली गोष्ट धक्क्याची. आपल्याकडे जीप बंद पडली की चार जण मागून लागतात, ड्रायव्हर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडतो आणि इंजिन धडधडतं. इथल्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक आहेत. इंजिन बंद असताना त्यांच्यात चाक आणि इंजिन यांचा जोडच बसत नाही, त्यामुळे कितीही ढकला, ती सुरू होणार नाही. बर्फात ढकलताना घसरून हात मोडेल तो वेगळाच.

दुसरी गोष्ट मिस्त्रीची. आपल्याकडचा ऑटो इलेक्ट्रिशियन सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, उतरवतो, खोलतो, कार्बन ब्रश आणि बुश बदलतो, आर्मेचर घासून पुन्हा बसवतो. इथलं गॅरेज सहसा खोलत नाही, अख्खी मोटरच बदलतं. मजुरी तासावर, आणि ती पुष्कळदा मोटरच्या किमतीएवढी किंवा तिच्याहून जास्त होते. विद्यार्थ्याच्या खिशाला ते झेपत नाही, म्हणून हे काम घरी शिकून घ्यावं असं आमचं ठाम मत आहे. शेतावरचं ऑइल इंजिन हँडल मारून ज्यांनी सुरू केलं, मोटारपंप विहिरीतून वर काढून बसवला, त्यांना हे अवघड नाही. मुलींनाही नाही, आमच्यातल्या दोन-तीन घरांत हे काम काकूच करतात.

पण सेल्फ विकत घेण्याआधी दोष सेल्फचाच आहे का, ते बघा. नव्या मुलांचे पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. थंडीत बॅटरी आधी मान टाकते. अकोल्याच्या मे महिन्यात ४५ अंशांत बॅटरीचं आयुष्य घटतं, पण तिचं दुखणं उघडं पडतं ते थंडीत. उणे १८ अंशांना तिची ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट झाल्यानं सेल्फला करंट जास्त लागतो. इथल्या बॅटरीवर ‘कोल्ड क्रँकिंग अँपिअर’ नावाचा आकडा छापलेला असतो. उणे १८ अंशांत बॅटरी ३० सेकंद किती करंट देऊ शकते, ते तो सांगतो. मिनेसोटा, मिशिगन, ऑन्टारिओ इथे राहणाऱ्यांनी हा आकडा बघितल्याशिवाय बॅटरी घेऊ नये.

आता कान लावा. चावी फिरवल्यावर भराभर टकटकटक आवाज येत असेल आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा खार चढलाय. ब्रशनं घासा, नट घट्ट करा, जंपर केबल लावून बघा. दिवे लख्ख आणि एकच ठसठशीत ‘टक्’ असेल, तर संशय सेल्फवर. त्याच्या पाठीवरचा सोलेनॉइड दोन कामं करतो: छोटं पिनियन पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकवतो आणि मोटरकडे जाणारा जाड करंट जोडतो. पहिलं झालं आणि दुसरं झालं नाही, की नुसतं टक् ऐकू येतं. मोटर गरगर फिरते पण इंजिन हलत नाही, तर पिनियनचा क्लच गेला. खरखर, दात घासल्यासारखा आवाज असेल तर पुन्हा पुन्हा चावी मारू नका. रिंगचे दात गेले तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. काहीच आवाज नसेल तर ब्रेक दाबून गिअर ‘एन’वर टाकून चावी मारा. तिथे सुरू झाली तर दोष गिअरच्या स्विचचा आहे. तरीही शांतताच असेल तर फ्यूज आणि रिले बघा.

स्वस्तातला मल्टीमीटर घ्याच. उभ्या गाडीत पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. चावी मारताना ती ९.६ च्या खाली कोसळत असेल तर सेल्फला हात लावायच्या आधी बॅटरी तपासा. ऑटोझोन, ओरायली यांसारख्या सुट्या भागांच्या दुकानांत बॅटरी फुकट तपासून देतात. काढून नेलेला सेल्फही पुष्कळ ठिकाणी तपासतात.

दोष सेल्फचाच ठरला, की तो कुठे बसवलाय ते शोधा, कारण काम आपल्या आवाक्यातलं आहे का हे त्यावरच ठरतं. चार सिलिंडरच्या बऱ्याच जपानी गाड्यांत दोन बोल्ट आणि दोन वायर एवढंच काम असतं. कॅडिलॅकच्या नॉर्थस्टार इंजिनात किंवा टोयोटाच्या ४.७ लिटर व्ही-८ मध्ये मात्र तो इन्टेक मॅनिफोल्डखाली, इंजिनाच्या पोटात असतो. ते काम पहिल्यांदा करणाऱ्यानं घेऊ नये. प्रिअससारख्या हायब्रिड गाडीत असा सेल्फच नसतो. तिथलं हाय व्होल्टेज जीव घेऊ शकतं, तिला हात लावू नका. आपल्या गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक शोधायला गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात जा. अनेक ग्रंथालयांच्या कार्डावर वाहनदुरुस्तीची माहिती मोफत वाचता येते.

प्रत्यक्ष कामात दोन नियमांना अपवाद नाही. पहिला: बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडवा आणि शेवटी जोडा. बॅटरीपासून सेल्फपर्यंत येणाऱ्या जाड वायरमध्ये चावी बंद असतानाही करंट असतो, मध्ये फ्यूज बहुधा नसतो. पाना तिथे लागून इंजिनाला टेकला की लोखंड वितळेल एवढी ठिणगी पडते. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. दुसरा: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. सपाट, टणक जमीन, मागच्या चाकांना अडण, आणि गाडी घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर, टेकवलेली. घोडी विकत घ्या, त्यात काटकसर नको. जॅक सरकून गाडीखाली माणसं दगावली आहेत.

इंजिन गार होऊ द्या. वायर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. सोलेनॉइडची बारीक वायर क्लिपची असते. थंडीत तिचं प्लास्टिक कडक होऊन तुटतं, म्हणून जोर न लावता काढा. जाड वायरचा नट, मग बोल्ट. ते १२, १४ किंवा १७ च्या गोटी पान्यानं आणि लांब एक्स्टेन्शननं निघतात. इथे रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात, त्यामुळे बोल्ट गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सेल्फ हाताला वाटतो त्यापेक्षा जड असतो, शेवटचा बोल्ट सोडताना खालून आधार द्या. नवा बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवा: बोल्टची भोकं, पिनियनचे दात, वायरच्या जागा जुळल्या पाहिजेत. टेकण्याची जागा घासून स्वच्छ करा, कारण मोटरचं अर्थिंग तिथूनच होतं. तिथे गंज किंवा रंग राहिला तर नवा सेल्फही नुसता टक् करेल.

जुन्या टोयोटातल्या डेन्सोच्या सेल्फमध्ये पुष्कळदा मोटर ठणठणीत असते, फक्त सोलेनॉइडमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट झिजतात. ते सुटे मिळतात आणि नव्या सेल्फच्या किमतीच्या अगदी लहान भागात काम होतं. आपल्याकडच्या मिस्त्रीच्या हाताखाली ज्यांनी बसून पाहिलंय, त्यांनी हा मार्ग आधी बघावा.

दुकानातून रीमॅन्युफॅक्चर्ड सेल्फ घेतला तर बिलात ‘कोअर’ म्हणून वेगळी रक्कम लावतात. जुना सेल्फ परत नेला की ती मिळते, म्हणून तो फेकू नका आणि पावती जपा. गाडी वॉरंटीत असेल तरी घाबरू नका. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार केवळ बाहेरचा भाग वापरला किंवा काम स्वतः केलं म्हणून कंपनीला वॉरंटी रद्द करता येत नाही. अपार्टमेंटचा करार मात्र आधी वाचा. पार्किंगमध्ये गाडीदुरुस्तीला बहुतेक ठिकाणी मनाई असते. आणि गॅरेजमध्ये काम करून गाडी सुरू केलीत तर थंडी कितीही असो, दार उघडं ठेवा. बंद गॅरेजमध्ये साचणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वास न येता माणूस मारतो.

पहिल्यांदा हे काम एकट्यानं करू नका. जवळच्या महाराष्ट्र मंडळात विचारा. घोडी, गोटी पाने आणि घराचा ड्राइव्हवे असलेलं एखादं कुटुंब तिथे नक्की भेटेल. गाडी ओढून आमच्या दारात आणा, पाने आमचे वापरा. हात मात्र तुमचे लागले पाहिजेत, कारण पुढच्या जानेवारीत असाच फोन दुसऱ्या कुणाचा तरी तुम्हाला येणार आहे.