आजचं चिंतन : अर्जुनाचं अंग थरथरलं तेव्हा



आजचं वाचन : गीता, अध्याय पहिला, श्लोक 28 ते 30.

आपला बारावा अध्याय चालू होता. भक्ताची लक्षणं अर्ध्यावर सोडून मी एकदम पहिल्या अध्यायावर का आले, ते आधी सांगते. गेल्या महिन्यात मला गर्भाशयाचा कॅन्सर असल्याचं निदान झालं. येत्या मंगळवारी कराडला ऑपरेशन आहे. "बाई, मेसेजला उत्तर का देत नाही?" असं ज्यांनी विचारलं, त्यांना हेच उत्तर समजा. लिहायला इतके दिवस लागले, कारण बाराव्या अध्यायातला तो सुखदुःखात सारखा राहणारा भक्त समोर ठेवून रोज लिहायचं आणि रात्री दोन वाजता छतावरच्या पंख्याकडे बघत पडायचं, हे मला जमेना.

म्हणून आज अर्जुन. हे श्लोक आपण नेहमी घाईत ओलांडतो. समोर आपलीच माणसं उभी बघून अर्जुन सांगतो की माझे हातपाय गळालेत, तोंडाला कोरड पडलीय, अंगाला कंप सुटलाय, अंगावर काटा आलाय, हातातून धनुष्य निसटतंय, कातडीची आग होतेय, उभं राहवत नाही आणि मन गरगरतंय. एवढा मोठा धनुर्धारी, आणि डॉक्टरला सांगावं तसं एकेक लक्षण सांगतोय. बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला तेव्हा तोंडाला कोरड म्हणजे काय ते मला कळलं. यांनी पाण्याची बाटली पुढे केली, पण टोपणच उघडेना.

आता एक गंमत बघा. चाळीस वर्षं गीता वाचूनही ती माझ्या लक्षात आली नव्हती. पहिल्या अध्यायात 47 श्लोक आहेत. त्यात भगवान किती बोलतात? एकदाच. पंचविसाव्या श्लोकात रथ मध्ये उभा करून ते अर्जुनाला एवढंच सांगतात की हे जमलेले कौरव बघ. त्यानंतर अध्याय संपेपर्यंत अर्जुनच बोलतो आणि भगवान ऐकतात. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला दोन श्लोकांत ते जरा खडसावतात खरे, पण त्याने अर्जुन गप्प बसत नाही, आणखी बोलतो. मला कळत नाही, मी शरण आलोय, असं सातव्या श्लोकात म्हणतो, आणि मगच शांत होतो. खरा उपदेश सुरू होतो अकराव्या श्लोकापासून. आणि या सगळ्या घाबरण्याला नाव काय दिलंय? अर्जुनविषादयोग. त्याचं रडणं हासुद्धा योगच धरलाय. ज्ञानेश्वर माऊलींनीही हा अध्याय टाळला नाही, त्यावर 275 ओव्या लिहिल्या.

माणसांचं मात्र उलटं असतं. बातमी कळल्यावर घरी आलेल्या प्रत्येकाने आधी अकरावा श्लोक सुरू केला. आत्मा अमर आहे, बाई, तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत. कुणी म्हणालं, "पिशवीच काढायची ना? आमच्या भावकीत चार जणींच्या काढल्यात, आठ दिवसांत शेतात गेल्या." आपल्याकडे पिशवी काढणं इतकं सहज बोललं जातं की मला त्याचंच वाईट वाटतं. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आल्या होत्या, आठवतंय? कामात खाडा नको म्हणून तिशीतल्या बायकांनी गर्भाशयं काढून घेतली होती. आमच्या भागात दर हंगामाला त्याच टोळ्या येतात, आणि शाळेत त्यांची मुलं माझ्यासमोर बसलेली आहेत. त्यामुळे "पिशवीच ना" हे वाक्य मला सहन होत नाही.

शेजारच्या वहिनी मात्र मनात आलं ते सरळ बोलल्या. "बाई, तुमी येवढं देवाचं करताय, आन् तुमालाच कसं वो झालं?" मी चिडले नाही, कारण रात्री दोन वाजता माझाही प्रश्न तोच असतो. मी त्यांना एवढंच सांगितलं की रामकृष्ण परमहंसांना घशाचा कॅन्सर होता, 1886 साली ते त्यातच गेले. रमण महर्षींच्या दंडावर गाठ झाली, पुन्हा पुन्हा कापून काढली तरी ती परत येत राहिली, आणि 1950 साली त्यांनी देह ठेवला. त्यांची भक्ती कमी पडली असं कोण म्हणेल? वहिनी थोडा वेळ बसल्या, मग म्हणाल्या, "मग भ्या वाटतंय का?" हो म्हटलं. एवढ्या दिवसांत मला हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच. नंतर आम्ही दोघींनी मेथी निवडली.

आता माझी चूक. पाळी बंद होऊन सहा वर्षं झाली होती. दिवाळीच्या आसपास जरासा डाग दिसला. दगदग झाली असेल म्हणून सोडून दिलं. परत दिसला, तेव्हा उष्णता म्हणून सब्जा प्यायले. चार महिने घरात कुणाला बोलले नाही, सुनेलाही नाही. यांना सांगायची तर लाजच वाटली. पाचवीच्या मुलींना मासिक पाळीचा तास मी स्वतः घेत होते, आणि माझंच तोंड शिवलेलं. शेवटी सोनोग्राफी केली तर आतलं अस्तर जाड झालेलं निघालं, मग तुकडा काढून तपासायला पाठवला.

डॉक्टर मॅडमनी नीट समजावलं, ते तुम्हालाही सांगते, कारण तुमच्या घरी आई, मावशी, आत्या आहेत. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेगळा आणि आतल्या अस्तराचा वेगळा. तोंडाच्या कॅन्सरला एचपीव्ही विषाणू कारण असतो, म्हणून त्याच्यावर लस आहे आणि आधी तपासून तो ओळखताही येतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून त्यावर मोठा अभ्यास झाला. 52 गावगटांतल्या 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायका त्यात होत्या. एकदा एचपीव्हीची तपासणी केलेल्या गावांत पुढच्या आठ वर्षांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. 2009 साली हे निष्कर्ष छापून आल्यावर जगभर त्यांची दखल घेतली गेली. पण माझा आहे अस्तराचा. तो शोधायला अशी सरसकट चाचणी नाही. पॅप स्मिअर चांगला आला म्हणजे हा नाही, असंही नसतं. वजन, मधुमेह यांनी धोका वाढतो, आणि माझ्याकडे दोन्ही आहेत. मात्र बहुतेक वेळा हा स्वतःच लवकर खूण देतो. पाळी गेल्यानंतर एक थेंब रक्त दिसलं तरी दाखवायला जायचं. म्हणजे इथे तपासणी बाईच्या बोलण्यापासून सुरू होते, आणि ती बोलली नाही तर कुणाला कळायचा मार्गच नाही.

आज संध्याकाळी आईला फोन करा. अवघडल्यासारखं होईल, तरी विचारा. मुलग्यांनीही विचारा. माझ्या मुलाने पुण्याहून फोनवर, "आई, नक्की काय होत होतं?" असं विचारलं तेव्हा आम्ही दोघंही आधी गप्प झालो, आणि मग पाऊण तास बोललो.

मंगळवारी गर्भाशय, दोन्ही नळ्या आणि बीजकोश काढतील. आजार कितपत पसरलाय ते एमआरआयवरून साधारण कळलंय, पण पक्की स्टेज काढलेलं सगळं लॅबमध्ये तपासल्यावरच ठरणार. नंतर शेक द्यायचे की नाही, तेही तेव्हाच. यांना हे पटेना. आधी किती आहे ते सांगा, मग कापा, असा त्यांचा हिशेब. मी म्हटलं, अहो, आपल्या कडेगावचे मोहरमचे ताबूत कसे बांधतात? आधी कळस, मग पाया. लहानपणापासून बघतोय ना आपण, गगनाला भिडतात आणि भेटीच्या वेळी हलतात, तरी उभे राहतात. हे हसले. या महिन्यात पहिल्यांदा.

वाट बघण्याचं मला अजून जमलेलं नाही. दिवसा बरं असतं. रात्री मी जप करायला बसते आणि चौथ्या मण्यावर मन लॅबमध्ये जातं. पूर्वी मी ते ओढून आणायचे. आता आठ दिवस झाले, माळ बाजूला ठेवते आणि अर्जुनासारखं सांगायला लागते. विठ्ठला, पोटात गोळा येतोय. भूल उतरली नाही तर? नातीची मुंज, लग्न, काहीच बघायला मिळालं नाही तर? (नातीची मुंज नसते, मला माहीत आहे. रात्री दोनला असंच बोललं जातं.) तो काही उत्तर देत नाही. पहिल्या अध्यायातही देत नाहीच. सगळं सांगून झालं की माळ परत हातात घेते. परवा त्यानंतर झोप लागली, काल नाही लागली.

सोमवारी दुपारी ॲडमिट व्हायचंय. महात्मा फुले योजनेचे कागद मंजूर होऊन आलेत. पिशवीत दोन गाऊन, पातळ टॉवेल, औषधांची फाईल आणि छोटी गीता भरलीय. सूनबाईने चार्जर तीनदा तपासला. बाराव्या अध्यायाचे उरलेले श्लोक मी परत आल्यावर घेऊ. तोवर तुम्ही रोज पहिल्या अध्यायातले पाच-पाच श्लोक वाचा, आणि आईशी काय बोलणं झालं ते मला कळवा. उत्तर द्यायला उशीर होईल.

राम कृष्ण हरी.