माळावरच्या भल्यामोठ्या माशीचं नाव काय?

प्रश्न : जूनअखेरीस पावसाने उघडीप दिली तेव्हा सासवडजवळच्या माळावर, बाभळीच्या वाळक्या फांदीवर, पायांत मधमाशी धरून बसलेला हा काळा कीटक दिसला. तीन फोटो पाठवत आहे. मोबाइलवरच्या ॲपने ‘मायक्रोस्टायलम मोरोसम’ असं नाव दिलं. ते बरोबर आहे का? आणि ही गांधीलमाशीसारखी डंख मारते का?
— एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : ही रॉबर फ्लाय, म्हणजे दरोडेखोर माशी. याबद्दल शंका नको. गांधीलमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, हिला एकच आहे. पहिला फोटो मोठा करून डोकं पाहा. दोन टपोऱ्या डोळ्यांच्या मधोमध खळगा पडलाय आणि तोंडावर राठ केसांची दाढी आहे. ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली, की कुळ असिलिडी. धरलेली शिकार तडफडते तेव्हा ही दाढी चेहरा सांभाळते.

हिला नांगी नाही. आहे ती टणक सोंड. ती शिकारीत खुपसून माशी लाळ सोडते. लाळेने शिकार लुळी पडते, आतला ऐवज पातळ होतो आणि तो ती शोषून घेते. माणसावर ती चाल करून येत नाही, पण मुठीत पकडलीत तर सोंड टोचेल आणि चांगलीच दुखेल.

तुमचा दुसरा फोटो मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण त्यात मोजपट्टी आपोआप आली आहे. पायांतली मधमाशी आग्या मोहोळाची आहे. तिची लांबी सुमारे 17 मिलिमीटर असते. शिकार आणि शिकारी एकाच पातळीत आहेत आणि माशी तिच्या जवळपास अडीचपट भरते. म्हणजे 40 मिलिमीटरच्या वर! आपल्याकडच्या माश्यांत एवढा आकार म्हटला, की मायक्रोस्टायलम ही प्रजाती आधी आठवते. प्रोमॅकस या दुसऱ्या प्रजातीतल्या माश्याही मोठ्या असतात, पण त्यांच्या मिशांच्या टोकाला लांब, केसासारखा धागा असतो. तुमच्या तिसऱ्या फोटोत मिशीचं टोक आखूड आहे. त्यात पंखही धुरकट, काळपट. मायक्रोस्टायलम म्हणायला मला अडचण वाटत नाही.

म्हणजे ॲपने प्रजाती बरोबर ओळखली. चुकली ती जाती. मायक्रोस्टायलम मोरोसम टेक्सास आणि आसपासच्या अमेरिकी राज्यांत आढळते. तिचे फोटो भरपूर काढले गेलेत, म्हणून ॲपला ती चटकन सापडते. नाव स्वीकारण्याआधी त्या जातीचा मुलूख कोणता, हे नेहमी तपासा.

मग आपली जाती कोणती? या तीन फोटोंवरून सांगता येणार नाही, आणि कोणी ठामपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जगात या कुळातल्या 7,000हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. त्यांची वर्णनं बहुतेक टाचणीला लावलेल्या मेलेल्या माश्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून लिहिलेली आहेत. तुमच्या फोटोत उठून दिसणारा डोळ्यांचा हिरवा रंग मेल्यावर उतरतो, त्यामुळे जुन्या वर्णनांत त्याचा फारसा उपयोग होत नाही. उलट तिथे ज्यावर भर असतो ते पंखांच्या शिरांचे कप्पे, पायांवरचे काटे आणि विशेषतः नराच्या पोटाच्या टोकाचे अवयव दुरून काढलेल्या फोटोत येतच नाहीत. प्रजातीपाशी थांबणं म्हणजे ओळख अर्धवट राहिली, असं मी मानत नाही. चुकीच्या जातीच्या नावाने झालेली नोंद पुढे त्या जातीच्या नकाशात शिरते आणि तिथून ती काढणं फार जड जातं. तुमची नोंद ‘मायक्रोस्टायलम, जाती अनिश्चित’ अशीच ठेवा, तारीख आणि ठिकाणासह.

पुन्हा दिसली तर तीन कोनांतून फोटो घ्या: डोकं बाजूने, मिशा स्पष्ट येतील असं, पंख वरून, शिरा मोजता येतील इतके जवळून, आणि पोटाचं टोक बाजूने. ती उडाली तर मागे धावू नका. शिकारीवर झेप घेऊन ही माशी बऱ्याचदा त्याच फांदीवर परत येते, म्हणून कॅमेरा फांदीवर रोखून तिथेच थांबा. सकाळचं ऊन तापल्यावर ती जास्त हालचाल करते, तेव्हा वेळही तीच निवडा.