मोटारीतील बोलणी

पावसाची झड लागलेली आहे, रस्ता निसरडा झाला आहे आणि एकाएकी समोर गुरे आडवी येतात. चालक ब्रेकवर जोराने पाय देतो. आता चाके घसरणार आणि मोटार आडवी होणार, असे पाहणाऱ्यास वाटते. पण तसे घडत नाही. एखादे चाक जागीच अडू लागले की त्याच्याजवळ बसविलेला सेन्सर ती गोष्ट हेरतो आणि ब्रेकचा नियंत्रक त्या चाकावरील दाब क्षणभर सैल करून पुन्हा आवळतो. त्याच वेळी चाकांच्या वेगाची वार्ता इंजिनाच्या नियंत्रकाला, गिअरच्या नियंत्रकाला आणि चालकापुढील वेगदर्शक तबकडीलाही मिळत असते.

नियंत्रक म्हणजे एकेका कामावर नेमलेला लहानसा संगणक होय. पूर्वी ज्याला ज्याच्याशी काम पडे, त्याच्यापर्यंत निराळी तार ओढीत असत. नियंत्रक वाढले तशा तारा वाढल्या. तारांची जुडगी जाड झाली, जड झाली, आणि त्यांतील तुटलेली तार शोधणे मोठे जिकिरीचे होऊन बसले. जर्मनीतील बॉश कंपनीच्या अभियंत्यांनी १९८३ साली ह्यावर उपाय शोधण्यास आरंभ केला. १९८६ च्या फेब्रुवारीत त्यांनी आपली योजना अमेरिकेत डेट्रॉइट येथे मोटार-अभियंत्यांपुढे मांडली, आणि १९९१ मध्ये मर्सिडीजच्या एका मोठ्या मोटारीत ती प्रत्यक्ष आली. ह्या योजनेला ‘कॅन’ असे नाव आहे.

कॅनमध्ये एकमेकींना पीळ घातलेल्या दोनच तारा असतात आणि सर्व नियंत्रक त्यांनाच जोडलेले असतात. कोणी बोलत नसेल तेव्हा दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट दाब असतो. शून्य हा अंक पाठवावयाचा झाला की एकीवरील दाब ३.५ पर्यंत चढतो व दुसरीवरील १.५ पर्यंत उतरतो. ऐकणारा केवळ दोहोंतील फरक पाहतो. बाहेरून विजेचा काही उपद्रव झालाच, तर तो पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच होतो. म्हणून फरक तसाच राहतो आणि संदेश बिघडत नाही.

परंतु दोघांनी एकाच क्षणी तोंड उघडले तर? ह्या योजनेची खरी गंमत येथेच आहे. प्रत्येक संदेशाच्या आरंभी त्याचा क्रमांक असतो, आणि तो शून्य व एक ह्या दोनच अंकांनी लिहिलेला असतो. तारेवर शून्य हा एकापेक्षा बलवान. दोघांनी एकदम पाठविले तर शून्यच उमटतो. समजा, एकाचा क्रमांक ०१० आहे आणि दुसऱ्याचा ०११. पहिले दोन अंक सारखेच असल्यामुळे कोणालाही काही कळत नाही. तिसऱ्या अंकाला दुसरा ‘एक’ म्हणतो, पण तारेवर त्याला ‘शून्य’ ऐकू येतो. अधिक निकडीचे कोणी बोलत आहे हे ओळखून तो तेथेच गप्प होतो आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतो. पहिल्याचा संदेश मात्र अखंड पुढे जातो. त्यातील एक अक्षरही वाया जात नाही. म्हणून तातडीच्या संदेशांना लहान क्रमांक देतात. चावडीवरच्या बैठकीतही इतकी शिस्त क्वचितच आढळते!

चुकांचाही हिशेब असतो. पाठविलेल्या संदेशात चूक निघाली की पाठविणाऱ्याच्या खाती ८ चढतात. संदेश सुरळीत गेला की १ उतरतो. ही बेरीज २५५ च्या पुढे गेली की तो नियंत्रक आपण होऊन तारेवरून बाजूला होतो, म्हणजे इतरांच्या बोलण्यात त्याचा गोंगाट होत नाही.

आता एखादी मोटार चालता चालता मधूनच बंद पडते, असे समजू. ती मिस्त्रीकडे येते. स्टिअरिंगखाली १६ टोकांची एक खोबण असते. तिला स्कॅनर जोडला की नियंत्रकांनी नोंदून ठेवलेले दोषांचे संकेतांक वाचता येतात. हाताखालचा मुलगा ते वाचतो.

“उस्ताद, ब्रेकच्या नियंत्रकाने यू०१०० नोंदविला आहे. तोच बिघडला असेल.”

“नोंद त्याने केली, पण तक्रार कोणाची आहे?”

मुलगा पुन्हा पाहतो. यू०१०० म्हणजे इंजिनाच्या नियंत्रकाशी बोलणे तुटले. गिअरच्या नियंत्रकानेही तेच नोंदविलेले असते.

“मग इंजिनाचाच नियंत्रक बदलावा लागेल.”

“तो बोलत नाही, एवढेच कळले. का बोलत नाही, हे अजून कोठे कळले आहे?”

नवा नियंत्रक फार महाग असतो. शिवाय तो बसवूनही दोष तसाच राहिला, तर मालकाचे पैसे व्यर्थ जातात आणि मोटार पुन्हा भर रस्त्यात बंद पडावयाची. म्हणून मिस्त्री आधी बॅटरी सोडवितो आणि खोबणीच्या ६ व १४ क्रमांकांच्या टोकांमध्ये मीटर लावतो. कॅनच्या दोन्ही शेवटांशी १२० ओहमचा एकेक रोध बसविलेला असतो; दोन्ही मिळून मीटरवर ६० दिसावयास हवेत. १२० दिसले तर एक रोध सुटला आहे किंवा तार तुटली आहे. शून्याजवळ काही दिसले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. येथे मात्र काटा ६० वरच थांबतो.

“म्हणजे तारा धड आहेत,” मुलगा म्हणतो.

“आता त्याला वीज मिळते का, ते पाहा.”

फ्यूज ठीक निघतो. मुलगा मग इंजिनाच्या नियंत्रकाची अर्थिंगची तार हाताने चाचपीत तिच्या टोकाशी पोहोचतो. मोटारीच्या अंगाला जेथे ती बोल्टने आवळलेली आहे, तेथे पावसाच्या पाण्याने गंज चढलेला असतो आणि बोल्ट बोटानेही हलतो. मुलगा तारेचे टोक सोडवितो, गंज खरवडून काढतो, बोल्ट घट्ट आवळतो. बॅटरी पुन्हा जोडून तो जुने संकेतांक पुसतो. मिस्त्री मोटार बाहेर काढून रस्त्यावरून मोठी फेरी मारतो. परत आल्यावर मुलगा पुन्हा स्कॅनर लावतो. ह्या खेपेस यादी कोरी असते.