शेतमालाच्या वेष्टनावरील छपाई : पद्धतीची निवड

गूळ, हळद, तांदूळ, डाळी असा माल स्वतःच्या नावाने विकू पाहणारे शेतकरी गट प्रतवारी व वजन यांकडे कसोशीने लक्ष देतात. वेष्टनावरील छपाईचा विचार मात्र शेवटी होतो. दर नगाचा भाव कमी पडतो म्हणून एकदम दहा हजार पिशव्या छापून घेतल्या जातात. पुढे पत्ता वा परवाना क्रमांक बदलला की त्या पडून राहतात आणि गटाचे भांडवल त्यांत अडकते. हे टाळण्यासाठी नग किती, छपाई कशावर व मजकुरातील काय बदलणार, या तीन गोष्टी आधी ठरवाव्यात.

१. नगांची संख्या

स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगास निराळी जाळी लागते. समजा, एका जाळीस 800 रुपये खर्च आला, तर 200 पिशव्यांवर दर पिशवीस 4 रुपये, परंतु 2000 पिशव्यांवर केवळ 40 पैसे भार पडतो. म्हणून एकदोन रंगांची मध्यम संख्येची छपाई या पद्धतीने करावी. डिजिटल छपाईस जाळी वा ठसा लागत नाही; शेदोनशे लेबलांस ती परवडते. ग्रॅव्ह्युअर पद्धतीत प्रत्येक रंगासाठी कोरीव सिलिंडर करावा लागतो. मोठी व कायमची मागणी असल्याखेरीज तिच्या वाटेस जाऊ नये.

२. छपाईचा पृष्ठभाग

कापडी पिशवीवर स्क्रीन छपाई चांगली उठते. गोणपाटाच्या व पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या थोड्या नगांस पत्र्याचा कापीव साचा व शाई पुरेशी होते. प्लास्टिकवर पाण्यात कालवलेली शाई धरत नाही. त्यासाठी प्लास्टिकचीच शाई मागावी. साध्या इंकजेट यंत्रावर कागदी लेबले छापल्यास ओल्या हाताने अक्षरे पसरतात. उष्णतेने काळा होणारा थर्मल कागद उन्हात फिका पडतो. जास्त दिवस टिकणाऱ्या मालास तो वापरू नये.

३. बदलणारा मजकूर

गटाचे नाव, चिन्ह व मालाचे नाव सहसा बदलत नाही. तेवढेच पिशवीवर छापावे. खाद्यपदार्थांच्या व्यवहाराचा 14 आकडी क्रमांक लेबलावर द्यावा लागतो. व्यवहार वाढून नोंदणीऐवजी परवाना घ्यावा लागल्यास हा क्रमांक बदलतो. म्हणून क्रमांक, पत्ता, निव्वळ वजन व किंमत स्वतंत्र लेबलावर घ्यावी. बॅच क्रमांक व वेष्टनाची तारीख माल भरतेवेळी शिक्क्याने उमटवावी. त्यासाठी लेबलावर कोरी जागा राखावी.

समजा, एका गटास हंगामात हळदीच्या 500 पिशव्या भरावयाच्या आहेत. त्याने कोऱ्या पिशव्या घेऊन त्यांवर डिजिटल लेबल लावावे. दोन हंगाम विक्री टिकली, की नाव व चिन्ह स्क्रीनने पिशवीवरच छापून घ्यावे. अशा क्रमाने गेल्यास चूक झाली तरी लेबलेच वाया जातात, पिशव्या नव्हे.

शाईविषयी दक्षता

2018 च्या खाद्यवेष्टन नियमांनुसार वेष्टनावरील छपाईची शाई भारतीय मानक 15495 प्रमाणे असावी लागते, तसेच खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळण्यास मनाई आहे. छापील बाजू पदार्थास लागू देऊ नये. शाईचे मानक छापखान्याकडून लेखी घ्यावे.

नमुन्याची परीक्षा

पूर्ण काम देण्यापूर्वी ज्या पिशवीवर छपाई व्हावयाची, तिच्यावरच नमुना काढून घ्यावा. तो एक दिवस सुकू द्यावा. मग त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढावी, ओल्या बोटाने घासावे आणि दोन दिवस उन्हात ठेवावे. शाई सुटली, पसरली वा फिकी झाली, तर पद्धत किंवा शाई बदलावी. मजकूर गटातील दोघांनी निरनिराळा वाचून सही करावी व मगच छपाईस संमती द्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गटाच्या बैठकीत प्रथम भावाची नव्हे, तर या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत व ती छापखान्यापुढे ठेवावीत. सर्वांत स्वस्त नगापेक्षा शेवटच्या नगापर्यंत वापरता येणारी छपाईच गटास खरी स्वस्त पडते.