अतिवृष्टीची सुट्टी आणि घरातली मुले

एका पावसाळ्यातील गोष्ट. तिसरीतल्या एका मुलाला त्याची आई दवाखान्यात घेऊन आली. चार दिवसांचा ताप, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की तो हात लावू देईना. "पावसात भिजलाय, दुसरं काही नाही," असे आईचे म्हणणे. मी मुलालाच विचारले, "गेल्या आठवड्यात शाळेला सुट्टी होती ना? काय केलंस त्या दिवशी?" आईकडे बघत त्याने हळूच सांगितले. आई-बाबा कामावर गेले होते, आजीचा डोळा लागला होता आणि हा मित्रांबरोबर वाडीखालच्या पऱ्याचे पाणी पाहायला गेला होता. शेताच्या साचलेल्या पाण्यात तासभर खेळलाही होता. पायाला आधीच खरचटलेले होते. तपासणीत लेप्टोस्पायरोसिस निघाला. उपचार वेळेवर झाले म्हणून मुलगा बरा झाला.

अतिवृष्टीचा इशारा मिळाला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात. मूल रस्त्यावर, साकवावर किंवा पुराच्या पाण्यात सापडू नये, हा तिचा हेतू. परंतु सुट्टी मिळते ती शाळेला, आई-वडिलांना नाही. मग ज्या पाण्यापासून मुलाला दूर ठेवायचे, तिकडेच ते जाते. "पऱ्याकडे जाऊ नकोस" असे नुसते बजावून मूल घरात थांबत नाही. घरात त्याचे मन रमले तरच ते थांबते. म्हणून या दिवसाची तयारी जूनमध्येच करावी.

आधी काय ठरवावे?

सुट्टीचा निरोप बहुधा रात्री उशिरा किंवा सकाळी येतो. त्या दिवशी घरी कोण थांबणार, हे आधीच ठरलेले असावे. दोघेही नोकरी करणारे असाल, तर दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून पाळी लावावी. शाळा मध्येच सुटली तर मुलाला कोण आणणार, हे वर्गशिक्षकांना सांगून ठेवावे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कित्येक मुलांना रात्र शाळेतच काढावी लागली. अशा वेळी मूल शाळेत शिक्षकांजवळ राहिलेले बरे. पाण्यातून एकटे निघालेले नव्हे. दप्तरात आई-वडिलांचे नाव व फोन नंबर लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवावा.

घरात एका डब्यात विजेरी, जादा सेल, मेणबत्ती, काडेपेटी, तापाचे औषध, ओआरएसची पाकिटे आणि नेहमीची औषधे एकत्र ठेवावीत. औषधांचा व काडेपेटीचा डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावा.

बाहेरचा आणि घरातला धोका

गुडघाभर वाहते पाणी मुलाला सहज ओढून नेते. साचलेल्या पाण्याखाली उघडे गटार किंवा तुटलेली वीजवाहिनी दिसत नाही. त्या पाण्यात उंदीर व गुराढोरांचे मूत्र मिसळलेले असते आणि खरचटलेल्या त्वचेतून लेप्टोचे जंतू शरीरात शिरतात. पाण्यातून यावेच लागले तर घरी येताच पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत. या रोगाची प्रतिबंधक गोळी मुलाला आपल्या मनाने देऊ नये.

पावसात साप कोरडी जागा शोधत घरात शिरतात. पडवीतील लाकडे, चपला, अंथरूण झटकून पाहावे. साप चावलाच तर आवळून दोरी बांधू नये, जखम कापू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता मुलाला थेट सरकारी रुग्णालयात न्यावे.

ओल्या हाताने बटणाला हात लावू नये. भिंत ओली झाली किंवा घरात पाणी आले, तर कोरड्या जागी उभे राहूनच मेन स्विच बंद करावा. आणखी एक चूक मी वारंवार पाहतो. कपडे वाळवायला खोलीत कोळशाची शेगडी पेटवतात आणि गारव्यासाठी दारे-खिडक्या लावून घेतात. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो. शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये.

पिण्याचे पाणी खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळावे. जुलाब लागलेच तर पाकिटावर लिहिलेल्या मापानेच ओआरएस करावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. ते २४ तासांत संपवावे.

दिवस कसा घालवावा?

मुलांना पाऊस मोजायला लावा. सरळ उभ्या कडांचे भांडे पागोळ्यांपासून दूर, उघड्यावर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजावे. हवामान खातेही याच वेळी मोजते. पाणी ६४.५ मिलिमीटर भरले की तो "जोरदार पाऊस", २०४.४ च्या वर गेले की "अत्यंत जोरदार". एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. अंगणावर किती लिटर पडले, हा हिशोब चौथीतल्या मुलाला तासभर पुरतो. मात्र विजा चमकत असताना भांड्याकडे जाऊ नये.

आजीकडून सागरगोटे शिकावेत, आजोबांबरोबर गाण्याच्या भेंड्या खेळाव्यात, परातीतल्या पाण्यात कागदी होड्या सोडाव्यात. मोबाईल हातात दिला की मूल गप्प बसते हे खरे. पण वीज गेली की त्याचा उपयोग संपतो. जेवायला मऊ भात, कुळथाचे पिठले, भाजलेल्या आठळ्या असे गरम व ताजे द्यावे. उरलेले शिळे देऊ नये.

डॉक्टरांकडे केव्हा यावे?

पुराच्या पाण्याशी संबंध आल्यानंतर लेप्टोचा ताप बहुधा ५ ते १४ दिवसांत येतो, कधी महिनाभरानेही. म्हणून ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, लघवी कमी झाली किंवा कावीळ दिसली, तर त्याच दिवशी यावे आणि मूल पाण्यात गेले होते हे न विसरता सांगावे. मुलाने ते कबूल केले म्हणून त्याला रागावू नका. मार बसेल या भीतीने मूल गप्प राहिले, तर डॉक्टरांनाही रोग लवकर ओळखता येत नाही.